छातीचे, झोपेचे आणि अतिदक्षतेचे डॉक्टर कसे शोधावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला धाप लागत असे आणि तिचे कारण कित्येक वर्षे ‘वय झाले’ एवढेच सांगितले जात होते. तिने चुलीपुढे काढलेल्या तीस-पस्तीस वर्षांविषयी कोणी विचारले नाही आणि तिच्या फुफ्फुसांची क्षमताही कोणी मोजली नाही. योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचायला आम्हाला फार उशीर झाला. त्या काळात मला पडलेले आणि नंतर ओळखीपाळखीतल्या कुटुंबांनी मला विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

पल्मोनॉलॉजिस्ट, चेस्ट फिजिशियन आणि टीबीचे डॉक्टर हे वेगवेगळे असतात का?

नाही, बहुतेक वेळा ही एकाच शाखेची तीन नावे असतात. आपल्याकडे ही शाखा क्षयरोगाच्या रुग्णालयांमधून वाढली, म्हणून जुन्या पदवीचे नावच ‘क्षयरोग आणि छातीचे विकार’ असे होते, आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय किंवा पुण्यातील औंधचे उरो रुग्णालय यांच्या नावांतही तो इतिहास दिसतो. आज त्याच शाखेला श्वसनविकारशास्त्र म्हणतात. पाटीवर ‘टीबी व छातीविकारतज्ज्ञ’ असे लिहिलेले असले म्हणजे ते डॉक्टर फक्त क्षयरोगच पाहतात असे समजून दमा किंवा सीओपीडीच्या (धूर-धुळीमुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाने परत फिरू नये.

अमेरिकेतील मुलाने ‘पल्मनरी, क्रिटिकल केअर आणि स्लीप’ असे तिन्ही करणारे डॉक्टर शोधायला सांगितले आहे. असे डॉक्टर आपल्याकडे असतात का?

असतात, परंतु संख्येने थोडे. अमेरिकेत अंतर्गत वैद्यकशास्त्राचे प्रशिक्षण झाल्यावर फुफ्फुसविकार आणि अतिदक्षता यांचे तीन वर्षांचे एकत्र प्रशिक्षण घेण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि निद्राविकारांसाठी आणखी एक वर्ष वेगळे द्यावे लागते, म्हणून तेथे हे त्रिकूट एकाच नावापुढे सहज दिसते. आपल्याकडे दिल्लीचे एम्स आणि चंदीगडची पीजीआय अशा संस्थांमध्ये एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम आहे आणि त्यात फुफ्फुसविकारांबरोबर अतिदक्षतेचेही शिक्षण मिळते. महाराष्ट्रातील बहुसंख्य छातीविकारतज्ज्ञ मात्र एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी) झालेले असतात. त्यांच्यापैकी काही जण अनुभवाने आणि पुढील प्रशिक्षणाने झोपेच्या विकारांकडे वळतात, तर काही अतिदक्षता विभाग सांभाळतात.

ही तीन शास्त्रे एकत्र येण्याचे कारण समजण्यासारखे आहे. श्वास घेणे ही क्रिया तिन्ही ठिकाणी कोलमडते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा श्वास थांबलेल्या रुग्णांना गळ्यातील नळीवाटे हाताने हवा देऊन जगवण्यात आले आणि तेथूनच आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात झाली. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत घसा मिटून श्वास थांबणाऱ्या रुग्णांना नाकावाटे सतत हवेचा दाब देण्याचा उपाय, म्हणजे सीपॅप, मांडला. आज श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे बायपॅप हे त्याच जातीचे यंत्र सीओपीडीच्या रुग्णाला अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरपासून वाचवते आणि बऱ्या झालेल्या रुग्णाच्या घरी उशाशीही असते.

म्हणून मुलाने सांगितलेली तिन्ही नावे एकाच पाटीवर शोधण्याऐवजी आपल्याला आत्ता या तिघांपैकी कोणत्या कामासाठी डॉक्टर हवे आहेत, हे आधी ठरवावे. वर्षभराचा खोकला, दिवसा डुलक्या येणे आणि व्हेंटिलेटरवर असलेले वडील या तीन वेगळ्या गरजा आहेत, आणि त्यासाठी तीन वेगळ्या दारांवर जावे लागले तरी त्यात काही वावगे नाही.

पाटीवरील पदव्या कशा वाचाव्यात?

एमबीबीएस हा पाया आहे. त्यापुढे श्वसनविकारशास्त्रातील एमडी किंवा डीएनबी म्हणजे त्या विषयातील तीन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण होय. डीटीसीडी ही क्षयरोग व छातीविकारांची दोन वर्षांची पदविका असून ती घेतलेले अनेक ज्येष्ठ डॉक्टर उत्तम काम करताना मी पाहिले आहेत. अतिदक्षतेसाठी त्या विषयातील डीएम, डॉक्टरेट दर्जाची डीआरएनबी, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी किंवा अतिदक्षता तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची, म्हणजे १९९३ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेची, आयडीसीसीएम ही पदविका पाहावी. भूलतज्ज्ञ किंवा फिजिशियन असलेले डॉक्टरही या मार्गाने अतिदक्षता तज्ज्ञ होतात, त्यामुळे आयसीयूतील डॉक्टर छातीचे नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

‘फेलोशिप’ या शब्दाबाबत मात्र सावध असावे. दोन वर्षे रुग्णालयात राहून केलेली फेलोशिप आणि काही दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र ही दोन्ही पाटीवर सारखीच दिसतात. ती कोठे केली आणि किती काळाची होती, हे नम्रपणे विचारता येते आणि ज्यांनी खरोखर मेहनत केली आहे ते डॉक्टर आनंदाने सांगतात.

डॉक्टरांची नोंदणी खरी आहे हे कसे तपासावे?

महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते आणि ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. गोव्यात त्यासाठी स्वतंत्र परिषद आहे. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे बंधनकारक आहे. तो क्रमांक किंवा नाव परिषदेच्या संकेतस्थळावर घालून पाहावे. मूळ पदवीपुढे उच्च पदवीचीही नोंद आहे का, तेही तेथे लक्ष देऊन पाहावे.

आधी फॅमिली डॉक्टरांकडे जावे की थेट तज्ज्ञांकडे?

ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर आधी त्यांच्याकडेच जावे, कारण धाप लागण्यामागे रक्तक्षय, हृदयविकार, थायरॉईड किंवा वाढलेले वजन यांपैकी काहीही असू शकते आणि तुमचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक असतो. मात्र खोकला आठ आठवड्यांहून जास्त रेंगाळला असेल, चालताना बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला होत असेल, दरवर्षी थंडीत कफ वाढून प्रतिजैविकांचे कोर्स घ्यावे लागत असतील, थुंकीतून रक्त आले असेल किंवा छातीच्या फोटोतील डाग औषधांनंतरही तसाच राहिला असेल, तर छातीविकारतज्ज्ञांचे मत घेण्यास विलंब करू नये.

ओठ किंवा नखे निळसर पडणे, एक वाक्य सलग पूर्ण न करता येणे, धाप लागलेल्या रुग्णाला गुंगी येऊ लागणे, अचानक छातीत एका बाजूला तीव्र कळ येऊन दम लागणे ही लक्षणे असतील तर डॉक्टर निवडत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात पोहोचावे.

चांगला छातीविकारतज्ज्ञ ओळखण्याची खूण कोणती?

माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण एकच आहे : ते मोजतात का? मधुमेहाचे निदान साखर न मोजता कोणी करत नाही आणि रक्तदाबाची गोळी दाब न पाहता कोणी देत नाही. श्वासाच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे केवळ स्टेथोस्कोप आणि छातीच्या फोटोवर उपचार चालू राहतात. दम्यात दोन झटक्यांच्या मधल्या काळात फोटो अगदी स्वच्छ असू शकतो, आणि सीओपीडी सुरुवातीच्या टप्प्यात फोटोत दिसतच नाही.

यासाठी स्पायरोमेट्री ही चाचणी असते. रुग्ण पूर्ण श्वास भरून नळीत जोराने आणि शक्यतो सहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ फुंकतो. हे किमान तीन वेळा नीट व्हावे लागते. त्यानंतर श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, सामान्यतः ४०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल, स्पेसरमधून (इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळीतून) देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचे गुणोत्तर औषधानंतरही ०.७० पेक्षा कमी राहिले आणि लक्षणे व पूर्वेतिहास जुळत असला, तर सीओपीडीचे निदान पक्के होते. औषधानंतर फुंकर लक्षणीय सुधारली तर दम्याकडे बोट जाते. चाचणी घेणारा तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असे खड्या आवाजात सांगत असेल तर ते चांगले लक्षण समजावे, कारण अर्धवट फुंकलेल्या चाचणीवरून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा क्षयरोगाची शंका असेल, तर ही चाचणी पुढे ढकलतात, म्हणून या गोष्टी आधी सांगाव्यात. चाचणीपूर्वी कोणती इन्हेलर किती तास थांबवायची, हेही आधी विचारून घ्यावे.

दुसरी खूण अशी, की ते इन्हेलर लिहून देतात आणि तुमच्या हातात देऊन ती घ्यायलाही लावतात. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने आपल्याकडे असंख्य रुग्ण गोळ्या मागतात. गोळीतील स्टेरॉईड सबंध शरीरात फिरते आणि इन्हेलरमधील मात्रा तिच्या मानाने फारच अल्प असून ती थेट श्वासनलिकेत जाते, हे समजावून सांगायला आणि नंतर चूळ भरायची आठवण करून द्यायला ज्यांना वेळ आहे, त्या डॉक्टरांकडे पुन्हा जावे.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावे?

जुने छातीचे फोटो, सीटी स्कॅन, चालू औषधांच्या पट्ट्या आणि वापरत असलेली इन्हेलर, ती रिकामी असली तरी, सोबत न्यावीत. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपण आयुष्यभर कोणत्या हवेत श्वास घेतला, हे एका कागदावर लिहून न्यावे. विडी किंवा सिगारेट किती आणि किती वर्षे ओढली, हे त्यात यावेच. त्याशिवाय चुलीपुढे किती वर्षे स्वयंपाक केला, दगडखाणीत, खडी क्रशरवर किंवा ओतशाळेत काम केले का, जिनिंगमध्ये अथवा सूतगिरणीत होता का, साखर कारखान्यात जुन्या, ओलसर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगांजवळ काम होते का, खिडकीवर किंवा बाल्कनीत कबुतरे बसतात का, घरातील कूलरचे पाणी व जाळ्या कधी बदलल्या, हेही लिहावे. कबुतरांची विष्ठा आणि पिसांतील कण किंवा कूलरमधील बुरशी यांमुळे काही जणांच्या फुफ्फुसात हळूहळू ताठरपणा येतो, आणि तेथे औषधांइतकेच महत्त्व कारण ओळखून दूर करण्याला असते. डॉक्टरांनी हे विचारले नाही तर आपण होऊन सांगावे.

क्षयरोगाची शंका असेल तर सरकारी केंद्रात जावे की खासगी डॉक्टरांकडे?

दोन्हीकडे उपचार होऊ शकतात, मात्र तपासणी योग्य क्रमाने व्हायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे असतील तर थुंकीची तपासणी, शक्य तेथे सीबीनॅट किंवा तत्सम जनुकीय चाचणी, औषध सुरू होण्यापूर्वी व्हावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि औषधालाच दाद न देणारा क्षयरोग आहे का, हेही तीतून लवकर कळते. खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक आधीच दिले गेले तर क्षयरोग काही काळ दबतो आणि निदान लांबते, म्हणून अशा वेळी ‘थुंकी तपासली का?’ असे विचारणे हा रुग्णाचा अगदी रास्त प्रश्न आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते. ती झाल्यावर खासगी रुग्णालाही उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय योजनेतून मदत मिळू शकते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये आहे.

घोरण्यासाठी कोणाकडे जावे?

नाक चोंदलेले असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतात. परंतु घोरता घोरता श्वास थांबतो, मग माणूस दचकून श्वास घेतो, सकाळी डोके जड असते आणि दिवसा वाचताना किंवा गाडी चालवताना डोळा लागतो, असे असेल तर निद्राविकारांचे काम करणाऱ्या छातीविकारतज्ज्ञांना भेटावे. डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे, कारण रुग्णाला स्वतःच्या झोपेतील काहीच आठवत नसते. रात्रीचे दोन मिनिटांचे मोबाईल चित्रीकरण नेले तर फारच उत्तम.

निद्राचाचणीत तासाला किती वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा मंदावला, ते मोजतात. प्रौढांमध्ये हा आकडा ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या पुढे गेल्यास तीव्र मानतात. घरी करता येणाऱ्या सुटसुटीत चाचणीत मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत, त्यामुळे रुग्ण प्रत्यक्षात किती वेळ झोपला ते कळत नाही आणि विकार आहे त्याहून सौम्य दिसू शकतो. लक्षणे ठळक असूनही घरची चाचणी ठीक आली, तर रुग्णालयातील संपूर्ण चाचणीबद्दल विचारावे.

चाचणीनंतर सीपॅप यंत्र थेट दुकानातून घेतले तर चालेल का?

यंत्र दुकानातूनच मिळते, परंतु त्याचा दाब आणि मास्कचा आकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरायला हवा. चाचणीचा अहवाल, यंत्राची शिफारस आणि यंत्राची विक्री हे सारे एकाच विक्रेत्याच्या हातात असेल आणि मध्ये डॉक्टरांनी रुग्ण पाहिलाच नसेल, तर थांबावे. विकत घेण्याआधी काही दिवस भाड्याने वापरून पाहावे. यंत्रात रोजच्या वापराची नोंद राहते. ती एका महिन्याने मागून पाहणारे आणि मास्क टोचतो म्हणून यंत्र कपाटात गेले असेल तर दुसरा मास्क सुचवणारे डॉक्टर खरे उपयोगी पडतात. आपल्या भागात रात्री वीज जात असेल तर बॅटरीबद्दलही तेव्हाच बोलून घ्यावे.

आयसीयूतील डॉक्टर आपल्याला निवडता येतात का?

संकटाच्या क्षणी बहुधा नाही, म्हणून घरात सीओपीडी किंवा फुफ्फुसाच्या तंतुमयतेचा (फायब्रोसिसचा) रुग्ण असेल तर ही चौकशी तब्येत बरी असताना करून ठेवावी. रात्री दोन वाजता विभागात प्रशिक्षित अतिदक्षता तज्ज्ञ हजर असतात की ते फोनवर उपलब्ध असतात? एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरील किती रुग्ण असतात? बायपॅप, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीतून श्वासनलिकांची तपासणी) आणि रक्तातील वायूंची तपासणी चोवीस तास होते का? नातेवाइकांशी रोज ठरलेल्या वेळी कोण बोलते? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारे मध्यम आकाराचे रुग्णालय मला चकचकीत इमारतीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

व्हेंटिलेटर लावू नये, अशी इच्छा आधी नोंदवता येते का?

येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असे पूर्वनिर्देश वैध ठरवले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतात. प्रत्यक्ष निर्णय रुग्णालयातील डॉक्टरांची दोन मंडळे तपासून घेतात. हा विषय घरात काढणे फार जड जाते, हे मी जाणतो. तरीही ज्या डॉक्टरांनी आईशी, ती शुद्धीत आणि शांत असताना, हे बोलणे केले, त्यांचे ऋण आमचे कुटुंब विसरणार नाही. तिला काय नको होते ते आम्हाला ठाऊक होते, आणि शेवटच्या आठवड्यात आम्हा भावंडांत त्यावरून वाद झाला नाही.

आमच्या तालुक्यात छातीचे डॉक्टर नाहीत. काय करावे?

शासकीय आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये श्वसनविकारांचा विभाग असतो. मुंबईचे केईएम, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, गोव्यात बांबोळीचे महाविद्यालय येथे अवघड रुग्ण पाहण्याचा दांडगा अनुभव असतो. पहिले निदान तेथे करून घ्यावे आणि पुढची देखरेख गावातील एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडे ठेवावी, मात्र तज्ज्ञांकडून लेखी योजना आणावी, म्हणजे रोजची औषधे कोणती, त्रास वाढल्यास काय वाढवायचे आणि कोणत्या लक्षणाला लगेच निघायचे, हे त्या कागदावर असेल. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून दूरस्थ सल्लाही मिळतो. तो फेरतपासणीला उपयोगी आहे, परंतु पहिल्या भेटीत छाती प्रत्यक्ष तपासली जाणे आवश्यक असते.

खर्चाची सोय कोठे होते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दाखल होतानाच भेटावे, नंतर नव्हे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचे कागद तयार ठेवून तेथील समाजसेवा अधीक्षकांची चौकशी करावी.

दुसरे मत घेतले तर पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल का?

फुफ्फुसातील गाठ, तंतुमयता, आयुष्यभर चालणारे स्टेरॉईड किंवा शस्त्रक्रिया असा निर्णय समोर असेल तर दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि अनुभवी डॉक्टर अनेकदा स्वतःच ते सुचवतात. ते चोरून घेऊ नये, सांगून घ्यावे, कारण दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलू शकले तर त्याचा लाभ रुग्णालाच होतो. जाताना सीटी स्कॅनचा छापील अहवाल नेणे पुरेसे नसते. मूळ प्रतिमा असलेली सीडी किंवा दुवा न्यावा, कारण दुसरे तज्ज्ञ त्या प्रतिमा स्वतः पाहून मत देतात. दाखल असतानाची कागदपत्रे रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या नातेवाइकाने लेखी मागितल्यास ७२ तासांच्या आत दिली गेली पाहिजेत, असा नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन ती जपून ठेवावी.